फुटबॉल खेळतोय, पण कागद कुठाय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की काही पालक मला हमखास गाठतात. पोरगा फुटबॉल छान खेळतो, आणि अमेरिकेत खेळावर अख्खं कॉलेज फुकट होतं हे त्यानं मोबाईलवर पाहिलेलं असतं. आपल्याकडं असं काही आहे का, असा सवाल. मी उलट विचारतो, "जिल्ह्याला, विभागाला खेळल्याचं प्रमाणपत्र आहे का?" तिथं गाडी अडते. पोरगा रविवारी मैदानावर भल्याभल्यांना चकवतो, पण त्याची नोंद कुठंच नसते.

अमेरिकेचं आधी उरकतो. तिथं ज्या कॉलेज फुटबॉलवर सगळ्यात जास्त पैसा ओतला जातो, तो हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून पळायचा खेळ. आपल्या फुटबॉललाही शिष्यवृत्ती आहे, पण बहुतेकांना अर्धीमुर्धीच मिळते. तिथल्या कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनमधली कॉलेजं तर खेळासाठी पैसे देतच नाहीत. शिवाय नववीपासूनचे गुण तपासले जातात. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर शिकला, 2018 आणि 2022 मध्ये तिथल्या विद्यापीठांच्या स्पर्धेचा विजेता ठरला. पण विमानात बसण्याआधीच त्याच्या नावावर राष्ट्रीय विक्रम होता, हे पालक विसरतात.

आपल्याकडची वाट शाळेतूनच सुरू होते. सुब्रतो मुखर्जी चषक, शालेय स्पर्धा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय त्या भरवतं. आपलं सोलापूर पुणे विभागात येतं, म्हणजे जिल्हा जिंकला की पुढं पुण्याच्या तगड्या शाळांशी गाठ. तिथून राज्य, मग राष्ट्रीय. प्रत्येक पायरीला एक कागद मिळतो आणि पुढचे सगळे लाभ त्या कागदांवर उभे राहतात. दहावी-बारावीला 25 पर्यंत वाढीव गुण, प्रवेशातला क्रीडा कोटा, पुढं सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. नोकरीच्या वेळी त्या प्रमाणपत्राची पडताळणी होते. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजल्यापासून तर कागद फारच बारकाईनं पाहतात, आणि ते बरंच आहे.

एक गोष्ट मात्र सोलापुरात कुणी बोलत नाही. 2004 पर्यंत आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होती. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात यायचं तर पाटाकडील, दिलबहारसारख्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमींचे सामने बघत वाढलेल्या पोरांना मागं टाकावं लागे. ज्या गावात तालमीच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरून जातं, तिथल्या पोरांशी सोलापूरच्या पार्क मैदानावरच्या पोरानं काय झुंजावं? 1 ऑगस्ट 2004 ला आपलं स्वतंत्र विद्यापीठ झालं, तेही एका जिल्ह्यापुरतं. संघात शिरायची चढाओढ आता जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आहे. पुढचा डोंगर तेवढाच उंच आहे म्हणा. पश्चिम विभागात मुंबई, पुणे, गोवा, आणि तेच कोल्हापूर. पहिल्या चारांत आलं तरच अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. पण विद्यापीठाची जर्सी अंगावर चढली की निदान नाव तरी नोंदवलं जातं. माझ्या मते ही वीस वर्षांपूर्वी मिळालेली सोय आपण अजून नीट वापरलेलीच नाही.

खरा पैसा वेगळ्या खिडकीवर आहे. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूमागं वर्षाला 6 लाख 28 हजार रुपये ठरलेत. त्यातले महिन्याला 10 हजार खेळाडूच्या हाती येतात, बाकीचे प्रशिक्षण, आहार, राहणं यावर खर्च होतात. पंजाबातली काही खासगी विद्यापीठं पदकं आणणाऱ्या खेळाडूंना फी माफ करून बोलावून घेतात. आयआयटी मद्रासनं 2024 पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक फक्त मुलींची. जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव हवं, आणि गेल्या चार वर्षांतलं राष्ट्रीय पातळीवरचं पदकही. मुलींच्या पालकांनी ती मुलींच्या जागेची ओळ पुन्हा वाचावी.

ज्यांच्या घरी बूट घ्यायलाही ओढाताण आहे, त्यांच्यासाठी कॉलेजपर्यंत थांबणं महाग पडतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहान वयात पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. राहणं, जेवण, शाळा, सराव, सगळं सरकारी खर्चानं. 2017 मध्ये तो 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात क्रीडाशिक्षकांना भेटा आणि विचारा, फुटबॉल संघाची प्रवेशिका भरली का? भरली नसेल तर मुदत संपायच्या आत भरायला लावा. शाळा संघच उतरवत नसेल, तर उतरवणारी शाळा आठवीतच शोधा.