दोष माणसाचा की व्यवस्थेचा?

साथींनो,

रेल्वेत अपघात झाला की प्रशासनाकडे एक शब्द तयारच असतो : ‘मानवी चूक’. टपाल कचेरीत रांग वाढून ग्राहक चिडला की दुसरा शब्द तयार असतो : ‘कर्मचाऱ्याचे गैरवर्तन’. सर्व्हर बंद होता, दोन खिडक्यांचे काम एकटा माणूस ओढत होता, याची नोंद मेमोत नसते. आमचा सवाल आहे : माणूस हवेत काम करतो काय?

17 जून 2024 ची दुर्घटना आठवा. पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसवर मालगाडी मागून आदळली. 10 जणांचे प्राण गेले. त्यांत मालगाडीचा लोको पायलट होता, कांचनजंगाचा गार्डही होता. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाने मालगाडीच्या मृत लोको पायलटवर ठपका ठेवला. मेलेला माणूस खुलासा देऊ शकत नाही!

पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघाले? पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते. लाल सिग्नल ओलांडण्यासाठी दिलेला टी/ए 912 हा परवाना त्या परिस्थितीत चुकीचा होता. त्यावर वेगमर्यादाही लिहिलेली नव्हती. बिघाडानंतर अपघातापर्यंत त्या सेक्शनमध्ये सात गाड्या शिरल्या. ताशी 15 किलोमीटर वेग आणि प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी एक मिनिट थांबा, हा नियम एकट्या कांचनजंगाने पाळला. बाकीच्या सहा गाड्यांनी पाळला नाही. सातांतले सहा जण एकसारखे वागतात, तेव्हा दोष एकाच्या स्वभावात शोधणे हा कांगावा आहे. लोको पायलट आणि स्टेशन मास्तर या दोघांनाही नियमांची पुरेशी समज दिली गेली नव्हती, असे खुद्द आयुक्तांनीच नोंदवले. म्हणजे लोको पायलटऐवजी स्टेशन मास्तरचा बळी दिला, तरीही प्रश्न सुटत नाही.

पण परिस्थिती माणसाला घडवते, एवढ्यावर थांबणे म्हणजे हात टेकणे. माणूसही परिस्थिती घडवतो. अर्धवट मेमो आज आपण मुकाट्याने घेतला, तर उद्या तोच रिवाज होतो आणि परवा त्याच रिवाजाखाली आपलाच भाऊ चिरडला जातो. उलट, ऑगस्ट 1973 मध्ये लोको रनिंग स्टाफ संपावर गेला, तेव्हाच 10 तासांच्या ड्यूटीचे आश्वासन सरकारच्या तोंडून निघाले. ते कोणी दयेने दिले नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक चौकशीत आधी ड्यूटीचे तास, रिक्त जागा, प्रशिक्षण आणि साधनांची हालत तपासा. माणसाकडे बोट नंतर दाखवा. आणि साथींनो, तुम्हीही बिघाड रजिस्टरमध्ये लिहा, अस्पष्ट हुकूम लेखी मागा, एकटे न राहता शाखेकडे या. व्यवस्था बदलल्याशिवाय वागणूक बदलणार नाही आणि आपण हलल्याशिवाय व्यवस्था बदलणार नाही!

कामगार एकजुटीचा विजय असो!