कॅमेऱ्याचे जादा सेल

लग्न अथवा प्रथम कम्युनियन तोंडावर आले, की हैदराबादेस गेलेल्या आप्तांस कोठीच्या बाजारातून कॅमेऱ्याचे भरता येणारे सेल आणावयास सांगितले जाते. तेथे वेष्टनावरील आकड्यास भुलू नये. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या पेन्सिल सेलात साधारणतः 2000 ते 2700 एमएएच इतकी वीज मावते. 3500 छापण्यास काय, केवळ शाई लागते!

आकड्यापेक्षा टिकाव पाहावा. जुन्या धाटणीचे सेल कपाटात नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बरीच वीज गमावतात. मग वधूवर वेदीपाशी उभे राहावेत आणि नेमका तेव्हाच कॅमेरा मिटावा, असा प्रसंग ओढवतो. 2005 साली जपानच्या सान्यो कंपनीने 'एनेलूप' सेल काढले. त्या जातीचे सेल वर्षभरानंतरही बहुतेक वीज राखून असतात. वेष्टनावर 'प्री-चार्ज्ड' लिहिलेले सेल बहुधा याच प्रकारचे. कॅमेऱ्यास लागतात तितक्यांचा एक संच जादा घ्यावा, आणि जुन्यानव्यांची सरमिसळ करू नये.

चपटी लिथियम बॅटरी लागत असेल, तर मात्र कॅमेऱ्याच्या कंपनीचीच घ्यावी. ती महाग पडते खरी. पण हलकी नकली बॅटरी फुगली, म्हणजे कॅमेऱ्यातच रुतून बसते.