मर्यादवेल आणि आपली मर्यादा

'लीस्ट कन्सर्न' म्हणजे काय, असं हॉस्टेलवर विचारलंत तर उत्तर येईल, "मेसवाल्याला आपल्याबद्दल वाटते ती!" पण हा शब्द आहे आययूसीएनच्या रेड लिस्टमधला. कुठल्या प्राण्या-वनस्पतींना जगातून नामशेष होण्याचा किती धोका आहे, ते ही यादी १९६४ पासून सांगत आली आहे. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची मर्यादवेल तिच्यात 'लीस्ट कन्सर्न' आहे. थोडक्यात, काळजी नको!

मला मात्र वाटतं, काळजी हवी.

आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत ओक होता, मेपल होता. मर्यादवेल हे नाव मला आजीकडून कळलं. ती म्हणते, समुद्राने इथवरच यायचं, पुढे नाही. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळट-गुलाबी फुलं आणि पुळणीवर लांबच लांब पसरलेल्या वेली... पाहिली असेलच तुम्ही.

आता सिव्हिलच्या मित्रांनो, या वेलीचं काम बघा. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू पानांशी अडते आणि तिथेच पडते. वेल गाडली गेली तर पुन्हा वर येते, पेऱ्यापेऱ्याला नवी मुळं धरते. अशी वाळू साठत साठत टेकडी तयार होते. वादळात लाटा या टेकडीची वाळू ओढून नेतात, पण त्यातच त्यांचा जोर खर्च होतो. नंतर वाळू हळूहळू परत येते आणि वेल पुन्हा कामाला लागते. ना टेंडर, ना मेंटेनन्स!

मग रेड लिस्ट चुकली का? मुळीच नाही. या वेलीचं बी खाऱ्या पाण्यात तरंगत दूरदूर जातं, म्हणून ती जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर आहे. ती जगातून संपणार नाही, हे खरंच. पण बीम सरासरी स्ट्रेसने मोडत नाही, जिथे स्ट्रेस झेपत नाही तिथे मोडतो. ब्राझीलमध्ये वेल भरपूर असली म्हणून आपल्या गावची टेकडी कशी वाचेल?

आणि आपण काय करतोय? रिसॉर्टसमोरची पुळण 'क्लीन' दिसावी म्हणून वेल उपटतो. किनाऱ्यावर गाड्या पळवतो. वाळूच्या टेकड्या सपाट करून तिथे सुरू लावतो. सुरूच्या सुयांचा थर साचला की खाली दुसरं काही फारसं उगवत नाही. कायदा नाही असंही नाही. २०११ आणि २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनांमध्ये वाळूच्या टेकड्या सीआरझेड-१ए मध्ये, म्हणजे सर्वांत संवेदनशील गटात आहेत. पण कागदावर!

कोणी म्हणेल, दगडी बंधारा घाला की! समुद्र ओट्याशी आलाय तिथे तो लागेलही. ज्याचं घर जातंय त्याला वेलीचं कौतुक कोणी सांगू नये. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडते आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याची धूप वाढते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशी वादळं पुन्हा येणारच. म्हणून जिथे टेकडी अजून शाबूत आहे, तिथे आधी ती राखा.

आपण इंजिनिअर होणार आहोत. उद्या त्या बंधाऱ्याच्या ड्रॉइंगवर आपल्यातल्याच कोणाची तरी सही असेल. म्हणून एक सुचवते. एनएसएसचा एखादा कॅम्प किनाऱ्यावर न्या. प्लॅस्टिक जरूर उचला, वेलीला हात लावू नका. आणि सर, फायनल इयरच्या एका ग्रुपला ऑटो लेव्हल घेऊन एकाच पुळणीची उंची पावसाळ्याआधी आणि नंतर मोजू द्या, एकदा वेल असलेल्या भागात, एकदा नसलेल्या. निदान तो प्रोजेक्ट सीनियर्सचा रिपोर्ट कॉपी करून होणार नाही!

समुद्राची मर्यादा ही वेल सांभाळते. आपली आपणच सांभाळायला हवी, नाही का?