०.०५चं सोवळं

एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी. या सगळ्या अभ्यासक्रमांतून बायोस्टॅटिस्टिक्स उद्या कुणी गुपचूप काढून टाकलं, तर परीक्षा विभाग सोडून कुणाच्या लक्षातही येणार नाही. हा विषय शिकवून मी पोट भरतो, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे. दहा रुग्णांचं हिमोग्लोबिन द्यायचं, सरासरी काढायला लावायची, प्रत्येक आकड्यातून ती वजा करायची, वर्ग, बेरीज, भागाकार, वर्गमूळ, आणि खाली दोन रेघा मारून प्रमाण विचलन. पाचपैकी पाच गुण. ते विचलन १.४ आलं म्हणजे त्या दहा माणसांबद्दल नेमकं काय कळलं, असं व्हायव्हात विचारा. पोरगं छताकडे बघतं. बहुतेक परीक्षक विचारतच नाहीत, कारण मग उत्तर त्यांनाही यावं लागेल.

हेच पोरगं काही वर्षांनी स्टेथोस्कोप अडकवून तुमच्या समोर बसतं. तुम्ही 'फुल बॉडी चेकअप' करून आलेले असता. सत्तर-ऐंशी तपासण्या, सणाची सवलत, घरी येऊन रक्त नेणार. रिपोर्टात चार आकडे ठळक छापलेले, शेजारी 'एच' नाहीतर 'एल'. डॉक्टरच्या कपाळाला आठी, तुमच्या पोटात गोळा.

आता ही 'नॉर्मल रेंज' ठरते कशी? साखर, कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा धोक्यावरून ठरवलेल्या असतात, त्या बाजूला ठेवू. बाकी बऱ्याच तपासण्यांत धडधाकट माणसांचं रक्त तपासतात, त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर ठेवतात. म्हणजे वीस निरोगी माणसांतला एक जण व्याख्येनेच 'ॲबनॉर्मल'. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून थोडी कमी धरा. तरी सत्तर तपासण्यांत एकही ठळक आकडा न येणं हेच नवल. ०.९५ला ०.९५ने गुणत जायचं, वीस वेळा, आणि उत्तर एकातून वजा करायचं. बारावीचा हिशोब आहे. पण एमडी झालेला माणूस तो करत नाही. पुन्हा रक्त, मग सोनोग्राफी, मग 'एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या' असं लिहून देतो. पॅकेज विकणाऱ्यांना हा हिशोब येत नसेल, असं मानायला मी तयार नाही.

१९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या साठ जणांना, त्यांत मुरलेले डॉक्टर होते, निवासी होते, विद्यार्थी होते, एक प्रश्न विचारला गेला. हजारात एकाला असणारा रोग. चाचणी निरोगी लोकांतल्या ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, बाकी त्याच्याबद्दल काही माहिती नाही, तर त्याला रोग असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. हजार माणसं डोळ्यांसमोर आणा: रोगी एक, उरलेल्या ९९९ मधले सुमारे पन्नास खोटे पॉझिटिव्ह. एक्कावन्नांत एक. दोन टक्के! साठांपैकी अकरा जणांना हे जमलं. मी हे वर्गात सांगतो तेव्हा पोरं खूश होतात: हार्वर्डवाल्यांनाही येत नाही, म्हणजे आपलं बरं चाललंय. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीच्या व्याख्या त्यांना झोपेतही म्हणता येतात. रोग दुर्मीळ असला की चांगल्या चाचणीचाही पॉझिटिव्ह निकाल बहुतेकदा खोटा निघतो, हे त्या व्याख्यांमधून आपोआप उमगत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

आणि थिसिस! सँपल साइज किती घ्यायचा? गाईड विचारतात, "वॉर्डात वर्षाला केसेस किती येतात?" साठ. मग ज्यातून साठच उत्तर येईल असं सूत्र शोधलं जातं, आणि एथिक्स कमिटी त्यावर सही करते. दोन वर्षांनी, सबमिशनला आठवडा उरला की एक्सेलमधला मास्टर चार्ट पैसे घेऊन काम करणाऱ्या स्टॅटिस्टिशियनकडे जातो. सोबत एकच विनंती: "सर, पी व्हॅल्यू सिग्निफिकंट आली पाहिजे." ०.०४ आली की पेढे, ०.०६ आली की सुतक. आजीच्या सोवळ्यात तरी थोडी सवड असायची, या सोवळ्यात नाही. ०.०५ ही रेघ रोनाल्ड फिशरने १९२५च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली होती. पी व्हॅल्यू म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता नव्हे, आणि परिणाम किती मोठा आहे हेही तिच्यातून कळत नाही, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं. रक्तदाब एका मिलिमीटरने उतरवणारं औषध पुरेशा हजारो लोकांवर तपासा, पी व्हॅल्यू हवी तेवढी बारीक मिळेल. रुग्णाच्या हाती काय? एक मिलिमीटर.

औषध कंपनीचा एमआर चकचकीत कागदावर 'धोका निम्मा' असं छापून आणतो, तेव्हा कशाच्या निम्मा हे विचारणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे. १९९५ साली ब्रिटनमध्ये उलटं घडलं. नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा निघाला. दुप्पट म्हणजे सात हजारांत एकाचे दोन. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणात जास्त असतो, ही त्यातली क्रूर थट्टा. शेकडेवारीच्या एका वाक्याने हे केलं.

सगळ्यांत जास्त लाज मात्र घरची. मेळघाटातल्या अंगणवाडीत मूल वजनकाट्यावर ठेवतात, तेव्हा त्याचं भवितव्य प्रमाण विचलनावर ठरतं. उंचीच्या मानाने वजन मध्यकापेक्षा तीन विचलनांहून खाली गेलं की ते 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित. याच महाराष्ट्रात पां. वा. सुखात्मे म्हणत राहिले की माणसाची उष्मांकांची गरज एका आकड्यात बसत नाही, ती बदलते, म्हणून उपाशी कोण हे सरासरीवरून नव्हे तर सरासरीच्या दोन विचलनं खाली रेघ ओढून ठरवा. वि. म. दांडेकरांनी त्यांना कडाडून विरोध केला. ती रेघ कुठे ओढायची, यावर देशात भुकेले किती हे ठरणार होतं! साताऱ्याकडचे सुखात्मे आणि पुण्याच्या गोखले संस्थेतले दांडेकर, दोघांचीही नावं माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकलेली नसतात. त्यांना प्रमाण विचलन हातानं काढता येतं.

विद्यापीठाला माझं सांगणं एवढंच: ती हातची आकडेमोड परीक्षेतून उद्याच काढा, ती मोबाइलही करतो. तिच्या जागी खराखुरा लॅब रिपोर्ट द्या, एका औषधाची जाहिरात द्या, एका अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर द्या आणि विचारा, यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. जो नापास होईल त्याला नापास करा. आणि वाचकहो, तुम्ही तोवर थांबू नका. ठळक छापलेल्या आकड्यावर डॉक्टर पुढची तपासणी लिहायला लागले की शांतपणे विचारा: "डॉक्टर, निरोगी माणसांतही हा आकडा असा किती जणांचा येतो?"