मधल्या जावयाची कैफियत

सासऱ्यांच्या तीन मुलींपैकी मधली माझ्या वाट्याला आली, तेव्हा त्याचा परिणाम माझ्या बसण्याच्या जागेवर होईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थोरले साडू गाडी चालवतात, धाकटे साडू त्यांच्या शेजारी बसून ती कशी चालवायला हवी ते सांगतात, आणि मी मागे, दोन बहिणींच्या मध्ये. गेली तीस वर्षं महाराष्ट्र मी पाहिला तो पुढच्या दोन सीटांच्या फटीतून. त्यामुळे मोटारीतल्या बैठकीविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे. गाडी ज्याच्या नावावर असते त्याला तो नाही. तो मागे बसतोच कधी?

हे आत्ताच काढायचं कारण असं, की थोरल्यांनी एक परदेशी नावाची लांबलचक सेडान घेतली, आणि ते पाहून धाकट्यांनी महिन्याभरात एसयूव्ही घेतली. एसयूव्ही म्हणजे जिला पाहून सोसायटीचा वॉचमन खुर्चीवरून आपोआप उठतो ती. तेव्हापासून आमच्याकडे सत्यनारायणाची पूजासुद्धा 'कुणाच्या गाडीत जागा जास्त' या अध्यायाशिवाय संपत नाही. थोरले म्हणतात, "पाय पसरून बघा, पाय!" धाकटे म्हणतात, "अहो, डोक्यावर किती जागा आहे ते बघा!" पाय आणि डोकं यांच्या मध्ये माणसाचा जो भाग सीटवर टेकतो, त्याची विचारपूस दोघांपैकी एकही करत नाही.

थोरल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आपल्याकडचा धनिक मागे बसतो, हे सेडानवाल्यांनी ओळखलंय. मर्सिडीजने 2017 साली भारतात मुद्दाम लांबवलेली ई-क्लास आणली, 2024 साली बीएमडब्ल्यूने 5 सीरिजचं तेच केलं. दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांत 3 मीटरांहून जास्त अंतर. पाय खरोखर पसरतात. पण कुणाचे? कडेच्या दोघांचे! अशा गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, म्हणून तो पोचवणारा दांडा गाडीच्या पोटाखालून जातो, आणि त्याचा उंचवटा बरोबर मधल्या माणसाच्या दोन पायांमध्ये येतो. मी त्याच्या अल्याड एक आणि पल्याड एक पाय टाकून बसतो. लग्नात घोड्यावर बसायची हौस राहिली होती, ती अशी फिटली. शिवाय पाठीशी जे टोचतं ती पाठ नव्हेच. ती कडेच्या दोघांनी हात टेकायची घडी, उभी करून ठेवलेली. म्हणजे मी सीटवर बसलेलो नसतोच, फर्निचरच्या एका कप्प्यात ठेवलेला असतो.

बरं, एसयूव्हीत जावं, तर बाहेरून वाडा आणि आत माजघर! फॉर्च्युनरसारख्या गाड्या ट्रकप्रमाणे शिडीच्या आकाराच्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या असतात. खड्ड्यांना त्या भीत नाहीत, हे कबूल. पण सांगाडा खाली आला की जमीन वर येते. छप्पर काही आभाळाला भिडवता येत नाही, मग सीट जमिनीलगत राहते आणि गुडघे छातीकडे निघतात. मांड्या अधांतरी, सगळा भार बुडावर. पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटतं. फक्त जेवण नसतं. सगळ्याच एसयूव्ही अशा नसतात म्हणा. काहींचा सांगाडा साध्या मोटारीसारखाच असतो, त्यात बसणं बरं. पण तिथे छपरात काच बसवण्याची फॅशन निघालीय, ती इंच-दीड इंच उंची खाऊन टाकते. चंद्र दिसावा म्हणून मान वाकडी करून बसायचं! तिसऱ्या रांगेबद्दल मी बोलत नाही. तिथे आमची भाचरं बसतात आणि उतरल्यावर थोडा वेळ कुणाशी बोलत नाहीत.

गंमत म्हणजे एसयूव्ही कशाला म्हणायचं हे 2023 साली जीएसटी कौन्सिलने बसून ठरवलं: लांबी 4 मीटरांच्या वर, इंजिन 1500 सीसीच्या वर, आणि पोटाखाली किमान 170 मिलिमीटर मोकळी जागा. गाडीच्या पोटाखालची जागा सरकारने मिलिमीटरमध्ये मोजली. पोटातली कुणी मोजली नाही!

माझं मी सोसलंही असतं. मधल्या जावयाला सोशिकपणा अंगीच असतो. पण प्रश्न सासूबाईंचा आला.

सासूबाईंचं वय 83, माहेर वाईचं. गेल्या वर्षी एका लग्नाला त्या धाकट्यांच्या एसयूव्हीतून निघाल्या. पायरी गुडघ्याच्या वर. धाकट्यांनी डिकीतून निळं प्लास्टिकचं स्टूल काढलं. पन्नास लाखांची गाडी, आणि आत शिरायला दोनशे रुपयांचं स्टूल! तेही हलत होतं. परत येताना थोरल्यांनी मान मागितला म्हणून सेडान. तीत शिरणं सोपं, माणूस घरंगळतच आत जातो. पण वाड्याच्या दारात उतरायची वेळ आली तेव्हा सासूबाई विहिरीत पडल्यासारख्या खोल बसलेल्या. एक हात थोरल्यांनी धरला, एक धाकट्यांनी, आणि "एक, दोन, तीन" म्हणून त्यांना वर काढलं. समोरच्या गॅलरीतून सगळी आळी बघत होती. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि काही न बोलता आत गेल्या.

त्यानंतर कुठेही जायचं निघालं की, "मला नको बाई, गुडघे दुखतात. तुम्ही जाऊन या." 88 वर्षांच्या भावाची भाऊबीज गेल्या दिवाळीत फोनवर झाली. दोन्ही साडवांनी गुडघ्याचे दोन वेगवेगळे डॉक्टर सुचवले.

अहो, दुखणं गुडघ्यात नव्हतं, गाडीत होतं! म्हाताऱ्या माणसाला खाली बुडायचं नसतं की वर चढायचं नसतं. सीट कमरेच्या उंचीला हवी: पाठमोरं उभं राहावं, टेकावं, मग पाय आत घ्यावेत. खुर्चीत बसतो तसं. 2014 साली बंद पडलेली अॅम्बॅसिडर हे जाणून होती; तिच्यात माणूस कोचावर बसल्यासारखा ताठ बसे.

शेवटी मी माझी बारा वर्षांची वॅगनआर दारात लावली. तिला दोन्ही साडू 'डबा' म्हणतात, आणि डबाच आहे ती, उभा. सासूबाई तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, टेकल्या, पाय आत घेतले. कुणाचा हात लागला नाही. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं, जरा जोरातच.

शिरवळला चहाला थांबलो तर माझ्या आधी उतरलेल्या. चहा संपल्यावर म्हणाल्या, "तुमच्या गाडीची सीट मात्र अगदी फळी आहे हो, जावईबापू. पुढच्या खेपेला पाठीला एक उशी आठवणीने घ्या."