गृहकला : कातरयंत्र आणि सरकणारा कागद

आकाशकंदिलाची नक्षी कापतांना संगणकी कातरयंत्राची रेघ भलतीकडे गेली, कीं दोष यंत्रास दिला जातो. वस्तुतः ठरल्या मापानें रूळ व पातें फिरविणें एवढेंच तें जाणतें; सरकलेला कागद त्यास कळत नाहीं. म्हणून भगिनींनीं प्रथम पकड तपासावी. कागद चिकट चटईवरून सुटत असल्यास चटई कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवून वाऱ्यावर वाळवावी. मग कागद तळहातानें सपाट दाबून बसवावा. चटईच तिरपी जात असल्यास ती रुळांखालीं सरळ घालावी. बोथट पातें कागद ओढतें; तें बदलावें. छापील चित्राभोंवतींचा काप सर्वत्र सारखाच सरकलेला असेल, तरच यंत्राचें कॅलिब्रेशन करावें. आधीं रद्दी तुकड्यावर लहानसा चौकोन कापून पाहावा, म्हणजे सणाचा किंमती कागद वांचेल.