कोंदण आणि नखे

आमच्या मातोश्रींची एक चांदीची अंगठी होती. तीत खंबायती अकीकाचा तांबडा खडा बसविलेला. रतनपूरच्या खाणीतला हा दगड धगीने तांबडा होतो आणि खंबायतेत त्याला घाट मिळतो, हे आम्हां बडोद्याकडील मंडळींना नवे नाही. अंगठी झिजून चिरली, तेव्हा तोच खडा घेऊन नवी अंगठी ओतून घ्यावयाचे आमच्या कन्येने ठरविले. तिची अट एकच होती. खडा कोंदणात कोंडावयाचा नाही. चार नखांनी वर उचलून धरावयाचा, म्हणजे पाठीमागून उजेड येईल आणि रंग उमलेल.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. कोंदण खड्याला चहूबाजूंनी कवेत घेते. कारागीर ज्यांना प्रॉंग म्हणतात ती नखे त्याला मोजक्याच ठिकाणी धरतात. उजेड वाढतो, तसा आधार कमी होतो.

अंगठी आली, सुबक, नाजूक. तिसऱ्याच महिन्यात एक नख ओढणीच्या सुतात अडकून उलटले आणि खडा निखळला. नंदेसरीच्या आमच्या अंगणातली माती त्या संध्याकाळी आम्ही पिठाच्या चाळणीने चाळली. खडा सापडला, पण तोवर आमच्या सौभाग्यवती एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या एका वयोवृद्ध कारागिराने ती अंगठी पाहून एवढेच विचारले, "मेणात नख केवढे होते?" चूक चांदीत नव्हे, मेणात झाली होती.

ही विद्या फार जुनी. मेणाची प्रतिकृती करावयाची, तिच्यावर लेप द्यावयाचा, तापवून मेण काढून टाकावयाचे आणि रिकाम्या जागी धातू ओतावयाचा. संस्कृतात मेणाला 'मधूच्छिष्ट' म्हणतात, म्हणजे मधाचे उष्टे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त (इ. स. ११२९च्या सुमारास) ही कृती आली आहे, मेणाच्या बारापट चांदी, सोळापट सोने, असे प्रमाणही दिले आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही नोंद करणारा ग्रंथही हाच. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्याला त्याचे विशेष अगत्य.

त्या कारागिराने सांगितलेल्या गोष्टी आम्ही टिपून ठेवल्या. शेकडा साडेब्याण्णव टक्के चांदी मऊच असते. तिची नखे सोन्याच्या नखांहून जाड हवीत. मेणात ती आणखी जाड व उंच ठेवावीत, कारण धातू निवताना आकसतो आणि पुढे कानस व झिलई आपापला वाटा घेतात. नख बुडाशी रुंद, टोकाशी निमुळते असावे, आणि बुडाचा सांधा काटकोनी न ठेवता गोलसर भरावा. फार बारीक नखात धातू टोकापर्यंत पोहोचण्याआधीच थिजतो. खड्यासाठी पाडावयाची खाच नखाच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल नसावी. अकीकाचा खडा घुमटाकार. म्हणून नख त्याच्या उतारावर वळून बसेल इतके लांब हवे, आणि खाली खडा टेकावयास मधोमध मोकळी अशी बैठक हवी. शिवाय चारांऐवजी सहा नखे असली, तर एक दगा देते तेव्हा उरलेली पाच सांभाळतात.

थोडक्यात, पुढे जे जे झिजणार ते मेणातच वाढवून ठेवावयाचे. मेणात चूक बोटाने पुसता येते. चांदीत ती कानशीने भागत नाही. शाळेत इतकी वर्षे काढलेल्या आम्हांला हे कारागिराने सांगावे लागले, याची थोडी लाज वाटली.

नवी अंगठी सहा नखांची झाली. सौभाग्यवतींनी ती आधी कापसाच्या बोळ्यावरून फिरविली. एकही तंतू अडकला नाही. मग कानाशी धरून बोटाने टिचकी मारली. खडा वाजला नाही. वाचकभगिनींनी आपल्या अंगठ्यांची ही परीक्षा महिन्यातून एकदा अवश्य घ्यावी. चांदी हवेतील गंधकाने काळवंडते, ती पुन्हा पुन्हा घासावी लागते, आणि प्रत्येक घासणीत नख कणाकणाने झिजत असते.

परीक्षा संपल्यावर त्यांनी अंगठी खिडकीशी धरली. मातोश्रींच्या हातात आम्ही तो खडा आयुष्यभर पाहिला होता. आतून तो इतका तांबडा आहे, हे आम्हांला त्या दिवशी कळले.